शाळेत निवेदन घेऊन पोरं येतात तेव्हा शिक्षक संघटनेने करायचं काय?

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तालुक्याच्या गावातलं अनुदानित हायस्कूल. 2023 ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या होत्या, 29 जूनला, आणि कितीतरी गावांतल्या मुस्लिम मंडळींनी आपणहून त्या दिवशी कुर्बानी केली नाही, ही गोष्ट तुमच्या एका सहकारी सरांनी परिपाठात सांगितली. कुणीतरी मोबाइलवर शूट केलं, अर्धवटच फिरवलं, दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस पोरं सरांविरुद्ध निवेदन घेऊन हजर, आणि संस्थेने घाबरून सरांनाच मेमो दिला. संघटनेचे तालुकाध्यक्ष म्हणाले, आपण पगार-पेन्शनचं बघतो, राजकारणात पडायचं नाही. तर असल्या उजव्या राजकारणापुढे शिक्षकांनी आणि त्यांच्या संघटनांनी नेमकं करायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेत गेली आणि नोकरीबरोबर संघटनेचं काम, त्यामुळे पुस्तकी उत्तर देत नाही. पहिलं म्हणजे तालुकाध्यक्षांवर चिडू नका. ते चुकीचं बोलत नाहीयेत, अर्धं बोलतायत. पगार-पेन्शन बघते म्हणून तर लोक वर्गणी देतात. पण एका मेंबरला मेमो आलाय, त्याची नोकरी धोक्यात आहे, हा प्रश्न पगार-पेन्शनचाच झाला ना? यात राजकारण आलं कुठे? सरांचं मत कुठलं का असेना, ते मेंबर आहेत, विषय संपला. माझ्या अनुभवात हे राजकारण शाळेत जिंकतं ते एकाच मार्गाने, शिक्षक एकटा सापडतो. मुख्याध्यापक हात वर करतात, संस्था मेमो देते, स्टाफरूममध्ये सगळे चहा पिताना खाली बघतात, आणि मग तो माणूस रिटायर होईपर्यंत परिपाठात सुविचार सोडून काही बोलत नाही. त्याच्याकडे बघून बाकीचे चाळीस जणही बोलत नाहीत. त्याला एकटं न सोडणं हे संघटनेचं सगळ्यात जुनं काम, आणि त्यासाठी कुठलाही पुरोगामी ठराव पास करावा लागत नाही.

आता प्रत्यक्ष काय. पहिले दोन दिवस फार महत्त्वाचे असतात. सरांनी एकट्याने खुलासा लिहायचा नाही, आणि "भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे" हे वाक्य तर मुळीच नाही, कारण तेच वाक्य पुढे चौकशीत कबुली म्हणून वाचून दाखवतात. मेमोवर पोच द्यायची तारीख-वेळ घालून, लेखी मुदत मागायची, तक्रारीची प्रत मागायची, ज्या व्हिडिओवरून तक्रार आहे तो पूर्ण व्हिडिओ मागायचा. त्या दिवशीच्या परिपाठाला हजर असलेल्या दोन-तीन शिक्षकांनी काय ऐकलं ते आपापल्या शब्दांत लिहून, सही-तारीख करून ठेवायचं, त्याच आठवड्यात, कारण महिन्याभराने सगळ्यांची स्मरणशक्ती अचानक कमी होते. टाचणवही आणि परिपाठाची नोंद असेल तर झेरॉक्स काढून ठेवा.

खाजगी अनुदानित शाळेला 1977 चा एमईपीएस कायदा (खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा) आणि 1981 ची नियमावली लागू आहे, आणि बऱ्याच शिक्षकांनी ती उघडूनसुद्धा पाहिलेली नसते. निलंबन करायचं तर आधी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, न घेता केलं तर निर्वाह भत्त्याचा भार संस्थेवर येतो. हे शांतपणे सांगितलं तरी निम्मे संस्थाचालक थंड होतात. चौकशी समिती तिघांची असते, एक संस्थेचा, एक खुद्द कर्मचाऱ्याने निवडलेला कुठल्याही खाजगी शाळेतला कर्मचारी, आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या पॅनेलवरचा. तो मधला माणूस कोण, हे प्रत्येक तालुका संघटनेकडे आधीच ठरलेलं असायला पाहिजे, अभ्यासू, न घाबरणारा, ज्याला वेळ आहे असा. बडतर्फ केलं तर 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना हे लागू नाही, त्यांचे वर्तणुकीचे नियम 1967 चे आणि शिस्त व अपील नियम 1964 चे, त्यांची फाइल सीईओंकडे जाते, दोघांची खिचडी करू नका.

घाईघाईची कारवाई काय असते ते बघायचं असेल तर सप्टेंबर 2023 मधलं गोव्याचं प्रकरण आठवा. दाबोळीच्या एका हायर सेकंडरीच्या प्राचार्यांनी विद्यार्थ्यांना मशीद बघायला पाठवलं, विश्व हिंदू परिषदेने तक्रार केली, आणि संस्थेने प्राचार्यांना निलंबित केलं. आधी शिक्षा, चौकशी मागून. फेब्रुवारी 2024 मध्ये राजस्थानात कोटा जिल्ह्यात तीन मुस्लिम शिक्षकांवर धर्मांतराचे आरोप झाले, निलंबन झालं, आणि तिथे आमच्या शिक्षकांवरचे आरोप खोटे आहेत म्हणत रस्त्यावर कोण आलं तर त्यांचे विद्यार्थी. मला त्या पोरांचं कौतुक वाटतं आणि मोठ्यांची लाज. आपल्याकडेही शाळा व्यवस्थापन समितीतले, पालक-शिक्षक संघातले चार पालक तुमच्या सरांबद्दल चांगलं बोलणारे असतीलच, त्यांच्याकडून संस्थेला साधं पत्र द्या, "सर आमच्या मुलांना चांगलं शिकवतात" एवढंच. निवेदन घेऊन आलेल्या पोरांपैकी निम्म्यांची स्वतःची मुलं त्या शाळेत नसतात हे संस्थेला माहीत असतं, फक्त कुणीतरी ते समोर दाखवावं लागतं.

दुसरा मुद्दा तटस्थतेचा, कारण मेमोत हमखास "शिक्षकाने तटस्थ राहावे" असं असतं. पक्षाचा प्रचार वर्गात करायचा नाही, याबद्दल माझं काहीच दुमत नाही, कुठल्याच पक्षाचा. पण समता, बंधुता, वैज्ञानिक दृष्टिकोन याबाबत शिक्षकाला तटस्थ राहायला कायद्याने सांगितलेलंच नाही. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 म्हणतं की अभ्यासक्रम संविधानातल्या मूल्यांना धरून हवा आणि मूल भयमुक्त हवं. संविधानाच्या कलम 51क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे. संविधानाच्याच कलम 28 प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशाच्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, अनुदानित शाळेत द्यायचं तर पालकांच्या संमतीशिवाय मुलाला बसवता येत नाही. खुलासा लिहिताना हीच भाषा वापरा, "सर्वधर्मसमभाव" वगैरे भाषण नको, कलम आणि पाठ्यपुस्तकाचं पान. विज्ञानवाल्यांसाठी सांगतो, 2023 मध्ये एनसीईआरटीने दहावीतून उत्क्रांतीचा भाग काढला तेव्हा देशभरातल्या 1,800 वर शास्त्रज्ञ-शिक्षकांनी सह्या करून निषेध केला होता, पण आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 चा पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती हा आहे. तो नीट शिकवा, गाळू नका, "परीक्षेपुरतं लिहा, खरं मानू नका" असं तर अजिबात म्हणू नका. मी असं म्हणणारे विज्ञान शिक्षक बघितलेत.

जर्मनीत यावर बराच विचार झालाय. तिथे 1976 पासून एक सहमती आहे की शिक्षकाने आपलं मत मुलांवर लादायचं नाही, आणि समाजात ज्यावर वाद आहे तो विषय वर्गातही वाद म्हणूनच, दोन्ही बाजूंनी मांडायचा. 2018 मध्ये एएफडी या उजव्या पक्षाने हॅम्बुर्गमध्ये शिक्षकांच्या तक्रारी करायला ऑनलाइन पोर्टल काढलं तेव्हा त्यांची शिक्षक संघटना याच सहमतीवर उभी राहिली, की आम्ही मत लादत नाही, पण माणसामाणसांत भेद करणाऱ्या बोलण्यापुढे गप्प बसणं आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. आपल्या खुलाशात जर्मनी लिहायची गरज नाही हो, पण डोक्यात ही मांडणी असली की उत्तर देताना पाय घसरत नाही.

आता जरा अवघड विषय. आपले निम्मे मेंबर याच उजव्या पक्षांना मतं देतात. हे मान्य न करता जी संघटना "फॅसिझमविरोधी आघाडी" असं बॅनर लावते तिच्या सभेला अध्यक्ष, सचिव आणि खुर्च्या असतात. शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी काय फॉरवर्ड येतात ते तुम्ही बघताच. शिवाय संघपरिवाराशी जोडलेली शिक्षक परिषद ही राज्यात चांगली बांधलेली संघटना आहे, तिचे कार्यकर्ते शाळेशाळेत आहेत आणि मेहनती आहेत. माझं धोरण कायम असं राहिलंय की कंत्राटी भरती, संचमान्यता (पटावरून ठरणारी शिक्षकांची पदं), अशैक्षणिक कामं यावर त्यांच्याबरोबर समन्वय समितीत बसायचं, आणि वर्गात काय शिकवायचं याचा निर्णय जमावाने घ्यायचा का, यावर त्यांच्या मेंबरलाच विचारायचं की उद्या तुझ्यावर आलं तर? तुम्हाला आश्चर्य वाटेल पण या प्रश्नावर बरेच जण थांबतात. कारण जमाव आज ईदवर बोललेल्या सरांकडे गेला, उद्या जातीचा उल्लेख केला म्हणून, परवा इतिहासातल्या एखाद्या सनावरून कुणाहीकडे जाईल.

धोरणावरच्या लढाया वेगळ्या पद्धतीने लढाव्या लागतात आणि इथे मला दोन अलीकडची उदाहरणं एकमेकांशेजारी ठेवावीशी वाटतात. मे 2024 मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनुस्मृतीतला श्लोक निघाला, गीता आणि मनाचे श्लोक पाठांतराचा उल्लेख निघाला. विरोध रास्त होता, सत्तेत असलेल्या भुजबळांनीसुद्धा हरकत घेतली. पण 29 मे ला महाडला मनुस्मृती जाळायला गेलेल्या जितेंद्र आव्हाडांच्या हातून बाबासाहेबांचा फोटो फाटला, त्यांनी माफी मागितली, आणि पुढचे काही दिवस चर्चा फोटोची झाली, आराखड्याची नाही. मसुदा हरकतींसाठी खुला होता. वर्गात शिकवणाऱ्या माणसांनी मुद्देसूद, पान नंबर टाकून हरकती पाठवायची ती वेळ होती. किती तालुका संघटनांनी एक तरी हरकत पाठवली, आपापल्या सचिवांना विचारून बघा. शेकडो पानांचा मसुदा कोण वाचणार, पण दहा जणांनी वाटून घेतला तर रविवारचं काम आहे.

दुसरं उदाहरण हिंदीचं. 16 एप्रिल 2025 च्या जीआरने पहिलीपासून हिंदी सक्तीची केली, ओरड झाल्यावर 17 जूनला "सर्वसाधारणपणे" हा शब्द घालून सुधारित जीआर आला, हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी तर वर्गात 20 विद्यार्थी हवेत ही अट घालून, म्हणजे सक्ती मागच्या दाराने. 29 जूनला दोन्ही जीआर मागे घ्यावे लागले. ठाकरे बंधूंच्या मोर्चाच्या घोषणेने सरकार हललं हे खरंच आहे, पण त्याआधी भाषेची मंडळी, बालशिक्षणवाले, शिक्षक, पालक सगळे एकच साधी गोष्ट बोलत होते की सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादणं शैक्षणिकदृष्ट्या चूक आहे. हा मुद्दा भाजपच्या मतदार पालकालाही पटत होता. सरकारच्याच भाषा सल्लागार समितीनेही विरोध केला. मागणी वर्गातून निघालेली होती म्हणून टिकली. मात्र त्याच जुलैत मराठी बोलत नाही म्हणून दुकानदाराला मारल्याचा मीरा रोडचा व्हिडिओ फिरला, आणि तिथे संघटनेने स्पष्ट बोलायला हवं होतं, कारण त्या परप्रांतीयांची पोरं आपल्याच पटावर आहेत, महापालिकेच्या शाळा तर त्यांच्याच जिवावर चालल्यात. उजवं राजकारण फक्त धर्माचंच असतं असं थोडंच आहे.

पण या सगळ्याखाली एक गोष्ट आहे जी आपल्याला बोलायला आवडत नाही. गावात शिक्षकाबद्दल राग आहे. मार्च 2023 ला जुन्या पेन्शनसाठी संप झाला, 14 ते 20 मार्च, लाखो कर्मचारी बाहेर, मागणी रास्त, 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांवर अन्याय झालाच आहे. आणि सोशल मीडियावर काय फिरत होतं? "आम्ही अर्ध्या पगारात काम करतो, आम्हाला घ्या." टीईटी-डीएड करून घरी बसलेली पोरं होती ती. ज्याच्या घरात बेकार पदवीधर आहे त्याला सत्तर-ऐंशी हजार पगारवाल्याच्या पेन्शनचं दुःख कसं कळणार, आणि त्या पोराला निवेदन घेऊन शाळेत पाठवणारा कुणीतरी त्याच गल्लीत तयारच असतो. 1977-78 ला र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली 54 दिवसांचा संप झाला तेव्हा आमच्या आधीची पिढी गावागावांत समजावत फिरली असं ती मंडळी सांगायची. आता आपण मोटरसायकलवर साडेदहाला येतो, पाचला जातो, गावात राहत नाही.

म्हणून ज्या मागण्यांमध्ये गावाचा आणि आपला फायदा एकच आहे त्या पुढे घ्या. 2023 च्या सप्टेंबरात कंत्राटी भरतीचा जीआर आला, नऊ एजन्सींमार्फत, तेव्हा बेकार पोरं आणि आपण एका बाजूला होतो आणि ऑक्टोबरात तो रद्द झाला. त्याच सप्टेंबरात 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा प्रस्ताव आला, राज्यात अशा 14 हजारांवर शाळा, पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं देऊन. वाडीवरची शाळा गेली की सगळ्यात आधी मुलींची शाळा सुटते हे आईबापांना तुमच्याआमच्यापेक्षा जास्त कळतं. अशा लढ्यात जो शिक्षक ग्रामसभेत गावाबरोबर बसला, त्याच्या विरोधात पुढच्या वर्षी व्हिडिओ फिरला तर गावच म्हणतं, अरे मास्तर आपला आहे. हे मी एका आदिवासी तालुक्यात डोळ्यांनी बघितलंय. निवेदनवाले आले, सरपंचबाईंनी अंगणातच थांबवलं, विचारलं की शाळा बंद होत होती तेव्हा तुम्ही कुठे होता. गेले परत. संघटनेचा एक माणूस तिथे नव्हता, गरजच पडली नाही.

सोशल मीडियाबद्दल थोडक्यात. 28 जुलै 2025 चा शासनाचा आदेश वाचा, सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांना, कंत्राटींनासुद्धा, शासनाच्या धोरणावर टीका करायला मनाई आहे आणि वैयक्तिक व कार्यालयीन अकाउंट वेगळं ठेवायला सांगितलंय. माझ्या मते हा आदेश फार लांबपर्यंत जातो आणि त्याला संघटनांनी कोर्टात आव्हान द्यायला हवं, पण तोपर्यंत एकेकट्या शिक्षकाने स्टेटस ठेवून शूर होऊ नये. टीका करायची ती संघटनेच्या लेटरहेडवर, पदाधिकाऱ्याच्या सहीने, ठराव क्रमांक टाकून. 1962 मध्ये सुप्रीम कोर्टाने कामेश्वर प्रसाद खटल्यात सांगितलंय की संपाचा मूलभूत हक्क नसला तरी शांततेने निदर्शनं करण्याचा हक्क सरकारी नोकरालाही आहे. आणि बेकायदा ठरवलेल्या संघटनांवर कारवाईचं जनसुरक्षा विधेयक जुलै 2025 ला विधिमंडळाने मंजूर केलंय, तेव्हा संघटनेची नोंदणी, ऑडिट, इतिवृत्त, पावती पुस्तक सगळं चोख ठेवा. कंटाळवाणं काम आहे पण संघटनेवर हात टाकायला पहिलं निमित्त हिशोबाचंच मिळतं.

तुम्ही शेवटी विचारलंय की एवढ्याशा तालुक्यातून काय होणार. नॉर्वेत 1942 ला नाझींच्या हाताखालच्या क्विसलिंग सरकारने सगळ्या शिक्षकांना सरकारी शिक्षक संघात सक्तीने घालायचं ठरवलं होतं. 14 हजारांपैकी सुमारे 12 हजार शिक्षकांनी जवळपास एकच मजकूर आपापल्या सहीने पाठवला की मी या संघात येऊ शकत नाही. अकराशे जणांना पकडलं, शेकडो जणांना पार उत्तरेच्या थंडीत हमालीला पाठवलं, पालकांनी ढिगाने पत्रं लिहिली, आणि शेवटी तो संघ काही उभा राहिला नाही. आपल्याकडे तशी परिस्थिती नाही आणि उगाच तुलना करून छाती फुगवायचीही नाही, मी त्यातून एवढीच पद्धत घेतो, एक मजकूर आणि ज्याची त्याची वेगळी सही. तुमच्या शाळेत बावीस शिक्षक असतील तर बावीस वेगवेगळी पत्रं मुख्याध्यापकांमार्फत संस्थेला, की त्या दिवशीच्या परिपाठात आक्षेपार्ह काही नव्हतं आणि चौकशी झाल्यास आम्ही हजर राहू. एका सामूहिक निवेदनातून पहिली सही करणाऱ्याला बाजूला काढता येतं, बावीस जणांना मेमो द्यायला संस्थेला टायपिस्ट लागेल. बावीसपैकी नऊच निघाले तरी नऊ द्या, पण घरी बसून चर्चा करत आठवडा घालवू नका.

आणि शिक्षक मतदारसंघाचे आमदार. विधान परिषदेत आपले सात आहेत, माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांच्या मतांवर निवडून आलेले (आम्हा प्राथमिकवाल्यांना तिथे मतच नाही, हे रडगाणं वेगळं). निवडणुकीला पैठण्या आणि पाकिटं वाटली जातात अशी चर्चा दरवेळी होते, त्यात मी जात नाही. तुमच्या विभागाच्या आमदारांना या मेमोची प्रत आणि त्या पत्रांची प्रत पाठवा, शिक्षणाधिकाऱ्यांना फोन करा म्हणावं, आणि केला की नाही हे तालुक्याच्या ग्रुपवर तारखेसह टाका. पुढच्या वेळी मत मागायला आले की हाच मेसेज वर काढता येईल.